मराठवाड्यातलं होमबिल्ट विमान: आधी इंधन, मग हवा, मग ठिणगी

किटमधून किंवा आराखड्यावरून स्वतः जुळवलेलं दोन आसनी विमान, पुढे रोटॅक्स 912 यूएल (80 अश्वशक्ती) किंवा 912 यूएलएस (100 अश्वशक्ती) हे इंजिन, दोन बिंग कार्ब्युरेटर, लाकडी किंवा काँपोझिट प्रॉपेलर. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, धाराशिवच्या हवेत असं विमान कसं सांभाळायचं आणि काही बिनसलं तर शोधायला कुठून लागायचं, हे इथे सांगतो आहोत. रोटॅक्सची पुस्तिका ऑस्ट्रियात लिहिली जाते. तिच्यातल्या मर्यादा इथेही तंतोतंत पाळायच्या, पण तपासणीचे जे तास ती देते ते इथल्या फुफाट्यात आणि उन्हात लवकर संपतात असं धरून चालायचं. या लेखातला आकडा आणि तुमच्या इंजिनाची चालू पुस्तिका यांत फरक दिसला तर पुस्तिका खरी. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्यात एखादं काम कोणी करायचं हे ठरवून दिलेलं असेल, तर ते त्यानेच करायचं.

इंजिन आचके द्यायला लागलं की पहिला हात प्लगकडे जातो. हा क्रम बदला. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इग्निशनची दोन स्वतंत्र सर्किटं असतात, तीही बॅटरीवर अवलंबून नसलेली. दोन्ही एकाच वेळी रुसणं दुर्मीळ. उलट चारही सिलिंडर एकाच टाकीचं पेट्रोल पितात आणि तीच धुळकट हवा खातात. म्हणून क्रम लक्षात ठेवा: इंधन, हवा, ठिणगी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि इंजिन सुधारलं, तर दुखणं कशात होतं ते कळत नाही, आणि न कळलेलं दुखणं परत येतं.

पेट्रोल

पंपावरचं पेट्रोल आता ई20 आहे, म्हणजे शंभरात वीस भागांपर्यंत इथेनॉल. रोटॅक्स 912 ला 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जुनं रबर फुगवतं, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये पांढरी भुकटी धरवतं. फायबरग्लासच्या टाकीत ते रेझिन मऊ करू शकतं, आणि सुटलेला चिकट थर थेट जेटमध्ये जाऊन बसतो. टाकी बांधताना कोणतं रेझिन वापरलं होतं हे बांधकामाच्या वहीत शोधा. नोंद सापडली नाही, तर त्या टाकीत इथेनॉलचा थेंबही जाऊ देऊ नका.

ऑक्टेनकडेही लक्ष हवं. 80 अश्वशक्तीच्या इंजिनाला किमान 90 आणि यूएलएसला किमान 95 रॉन (ऑक्टेन मोजण्याचं एक माप) लागतो.

प्रत्येक नव्या कॅनची चाचणी पाच मिनिटांत होते. 100 मिलीचा काचेचा मोजपात्र घ्या. त्यात 10 मिली पाणी ओता आणि निळ्या शाईचा एक थेंब टाका. वर 90 मिली पेट्रोल ओता, म्हणजे पातळी बरोबर 100 वर येईल. तोंड बंद करून अर्धा मिनिट हलवा आणि सपाट जागी ठेवून द्या. पेट्रोल वर राहतं, निळं पाणी खाली बसतं. निळी रेघ 10 वरच राहिली तर इथेनॉल नाही. रेघ 19 च्या आसपास चढली तर ते साधारण ई10, आणि 28 च्या आसपास गेली तर ई20. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याशी जोडलं जाऊन खाली येतं, म्हणून रेघ चढते. ही चाचणी उघड्या हवेत करा आणि वापरलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

खात्रीचा मार्ग एव्हगॅस 100 एलएलचा, म्हणजे विमानांसाठीच्या खास पेट्रोलचा. 2022 साली इंडियन ऑइलने देशात तयार केलेलं एव्हगॅस बाजारात आणलं. त्यात इथेनॉल नसतं, पण शिसं असतं. ते शिसं तेलात आणि गिअरबॉक्समध्ये राखाडी गाळासारखं साचतं. 30 टक्क्यांहून जास्त उड्डाण एव्हगॅसवर होत असेल तर तेल 100 ऐवजी जास्तीत जास्त 50 तासांनी बदला. 25 तासांनी बदललंत तर आणखी चांगलं.

टाकीच्या तळाचा आणि गॅस्कोलेटरचा (इंधनातलं पाणी-गाळ अडवणाऱ्या वाटीचा) निचरा रोज पहिल्या उड्डाणाआधी काढायचा, तोही विमान हलवण्याआधी. हलवल्यावर खाली बसलेलं पाणी पुन्हा मिसळतं. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाणी थेंबांच्या रूपात दिसतच नाही, ते विरघळलेलं असतं. रात्री पारा उतरला की ते एकदम वेगळं होऊन तळाशी थर धरतं. नमुना ढगाळ दिसला तर सगळी टाकी रिकामी करा. थोडं काढून भागत नाही.

पुरवठा पुरेसा आहे का, हे वर्षातून एकदा आणि इंधनाच्या नळीला हात लागला की दर वेळी मोजायचं. यूएलएस पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण 27 लिटर पितं. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या सव्वापट, म्हणजे तासाला 34 लिटरच्या आसपास द्यायला हवं. पुढचं चाक उंचावून किंवा शेपटी खड्ड्यात उतरवून नाक चढाईच्या सर्वांत तीव्र कोनात ठेवा. टाकीत फक्त तळाचं इंधन असू द्या. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडून एकाच धातूच्या डब्यात घ्या. डबा आणि विमान तारेने जोडून अर्थ करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. इलेक्ट्रिक पंप लावून एक लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. 107 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर विमान उडवू नका. मग फिल्टर, टाकीतली जाळी, टाकीच्या टोपणाचं हवेचं भोक आणि नळीची मोड या क्रमाने पाहा. टोपणाच्या भोकात बसलेली माती हे इथलं नेहमीचं कारण आहे.

फ्लोट आणि व्हेपर लॉक

कार्ब्युरेटरच्या बाजूने पेट्रोल पाझरतंय, आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना, इंजिन थरथरतंय, एकाच बाजूचे प्लग काळे पडलेत, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर फ्लोट, म्हणजे बाऊलमधल्या पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते ठोकळे, जड झालेत असं समजा. बाऊल उघडा, दोन्ही फ्लोट काढून पुसा आणि सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर जोडीने ठेवा. जोडीचं वजन 7 ग्रॅमच्या वर गेलं तर दोन्ही बदला. फ्लोटने पेट्रोल शोषलं की तो बुडतो, निडल व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि पेट्रोल ओसंडतं. कार्ब्युरेटरखालच्या ठिबक-ताटाची नळी मोकळी आहे ना, हेही तेव्हाच पाहा. ती तुंबली तर ओसंडलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं.

एप्रिल-मे महिन्यांत उतरून दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा सुरू केलेलं इंजिन टॅक्सी करताना अडखळतं, इंधनदाबाचा काटा नाचतो किंवा 0.15 बारच्या खाली जातो. हे बहुतेक वेळा व्हेपर लॉक असतं. बंद इंजिनाची उष्णता काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) कोंडते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. अशा वेळी इलेक्ट्रिक पंप लावा, नाक वाऱ्याकडे करा, 2000 च्या वर आरपीएम ठेवून थांबा. दाब सलग दोन-तीन मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय धावपट्टीवर जाऊ नका. कायमचा उपाय म्हणजे टाकीकडे परत जाणारी नळी तिच्या छोट्या जेटसह बसवणं, सगळ्या इंधननळ्यांवर अग्निरोधक खोळ चढवणं, आणि उतरल्यावर काउलिंगचं तेलाचं झाकण उघडून विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करणं.

इंजिनाकडच्या रबराच्या सगळ्या नळ्या, कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट, डायफ्रॅम, पंप हे पाच वर्षांनी बदलायचेच, मग तास कितीही कमी भरोत. इथल्या उन्हात चौथ्या वर्षापासून सॉकेट दर 50 तासांनी अंगठ्याने दाबून भेगा पाहाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हवा

काळ्या मातीच्या वावरातून उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर 100 तास थांबत नाही. मार्च ते जून दर 25 तासांनी काढा, आतून बाहेर असं पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि फिल्टरचं तेल लावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कापसाचे थर फाटतात. फिल्टर काढल्यावर पांढऱ्या कापडाचा बोळा बोटावर घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या आत फिरवा. कापड तपकिरी झालं तर धूळ फिल्टरच्या कडेने आत जातेय, म्हणजे क्लॅम्प किंवा फिल्टरची मान सैल आहे. सिलिंडर झिजवणारी वाट हीच.

दोन्ही कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन दर 100 तासांनी. आधी केबल आणि थांबे नजरेने जुळवा: थ्रॉटल मागे ओढल्यावर दोन्ही लिव्हर एकाच क्षणी आयडलच्या स्क्रूला टेकले पाहिजेत. मग दोन्ही इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून आयडलला आणि 2500 ते 3000 आरपीएमला काटे जुळवा. जुळत नसतील तर इंजिनाची एक बाजू दुसरीला ओढते, आणि हा मार गिअरबॉक्स खातो. 2000 च्या खाली खडखडाट येतो तो बहुधा याचाच. बिंग कार्ब्युरेटरवरचे स्प्रिंग थ्रॉटल उघडीकडे ओढतात, म्हणून केबल तुटली तर इंजिन बंद न पडता पूर्ण ताकदीवर जातं. केबलची दोन्ही टोकं भिंगाने पाहा. एक धागा तुटलेला दिसला की केबल बदला.

एका बाजूची ताकद अचानक कमी झाली तर त्या कार्ब्युरेटरचं वरचं झाकण काढून रबरी डायफ्रॅम उजेडासमोर धरा. टाचणीएवढं छिद्रही कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर उचलू देत नाही.

ठिणगी

गरम इंजिन, 4000 आरपीएम, एक-एक इग्निशन बंद करून पाहा. घट 300 च्या वर नको आणि दोन्हींमधला फरक 115 च्या वर नको. घट जास्त आली तर प्लगच्या टोप्या, मग प्लग, मग इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. दोन मॉड्यूलच्या जोडण्या आपसांत बदला. दोष त्यांच्यासोबत दुसऱ्या बाजूला सरकला तर मॉड्यूल गेलंय. न सरकला तर वायर किंवा कॉइल.

घट अजिबात आली नाही, तर आनंद मानू नका. इग्निशन बंद करणारी तार कुठेतरी तुटली आहे आणि स्विच बंद असूनही ते सर्किट जिवंत आहे. अशा विमानाचा प्रॉपेलर हाताने फिरवणं म्हणजे जिवाशी खेळ. एरवीही प्रॉपेलरला हात लावताना दोन्ही स्विच बंद, थ्रॉटल आयडलला, चाकांना अडसर आणि इंजिन जिवंतच आहे असं धरून पाय मागे.

थंड इंजिन सुरू होत नसेल तर दोन गोष्टी तपासा. चोक फक्त थ्रॉटल पूर्ण मागे असतानाच काम करतो, थोडं पुढे ढकललेलं थ्रॉटल त्याला निकामी करतं. दुसरं, क्रँकशाफ्ट मिनिटाला किमान 220 फेरे फिरला नाही तर ठिणगीच पडत नाही. कमजोर बॅटरी, सैल अर्थ किंवा बारीक केबल, यांतलं एक सापडतंच.

बॅटरी चार्ज होत नसेल तर रेग्युलेटरला हात लावून पाहा. त्याला 80 अंशांची मर्यादा आहे. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीच्या) पुढे, एक्झॉस्टजवळ बसवलेला असेल तर वैशाखात तो शिजतो. त्याला मागे हलवा किंवा नळीने थंड हवा द्या.

तेल

तेलाची पातळी पाहण्याआधी प्रॉपेलर फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवा, टाकीतून गुळगुळ आवाज येईपर्यंत. त्याआधीची डिपस्टिक खोटं सांगते, कारण तेल क्रँककेसमध्ये असतं. उलटं कधीच फिरवू नका, तेलमार्गात हवा शिरते. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत 0.45 लिटरचं अंतर आहे.

बदलताना: तेल कोमट असताना टाकीचा तळबोल्ट काढा. निथळत असताना प्रॉपेलर फिरवू नका. जुना फिल्टर काढा, नव्याच्या रबराला तेल लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा. मॅग्नेटिक प्लग काढून पांढऱ्या कागदावर पुसा. राखाडी, मलमासारखा मऊ थर चालतो. कागदावर नखाने उचलता येतील असे तुकडे किंवा सुईसारखी किसं दिसली तर इंजिन सुरू करू नका. प्लग परत बसवताना 25 न्यूटन-मीटर. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहा. कापताना करवत वापरू नका, तिचाच कीस तुम्हाला इंजिनाचा वाटेल.

3500 आरपीएमच्या वर दाब 2 ते 5 बार असावा. त्याखाली 0.8 पुरतो, थंड सुरुवातीला 7 पर्यंत चढलेला चालतो. उड्डाणाआधी तेल 50 अंशांवर हवं, आणि उड्डाणात एकदा तरी 100 अंशांपर्यंत जायला हवं, नाहीतर तेलातली ओल उडत नाही.

उन्हाळ्यातली उष्णता

चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 1900 फूट उंच आहे. मे महिन्यात पारा 42 वर असताना विमानाला तिथली हवा साधारण 5600 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. 100 अश्वशक्तीचं इंजिन तेव्हा 83-84 देतं आणि पंखही कमी उचलतात. म्हणून स्टॅटिक आरपीएम, म्हणजे उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला मिळणारे आरपीएम, नोंदवताना तापमानही शेजारी लिहा. मेमधल्या आकड्याची डिसेंबरशी तुलना केली तर नसलेला बिघाड सापडतो. प्रॉपेलरचा कोन इतका जड ठेवू नका की पूर्ण थ्रॉटलला इंजिन 5200 च्या खाली रेंगाळेल.

तेलाचं तापमान चढलेलं दिसलं तर आधी मीटर खरं बोलतोय का पाहा. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरा. संभाजीनगरच्या उंचीवर पाणी 98 अंशांना उकळतं, मीटरने तेवढंच दाखवायला हवं. लँडिंग लाइट लावल्यावर काटा उडी मारत असेल तर दोष अर्थच्या वायरीत आहे. मीटर खरा निघाला तर कूलरच्या पाकळ्यांमधली माती, कूलर आणि काउलिंगमधल्या फटी, आणि हवा बाहेर पडण्याची जागा पाहा. फटी ॲल्युमिनियम पट्टी आणि सिलिकॉनने बुजवल्या तरी पुष्कळदा काम होतं, कारण हवा नेहमी सोप्या वाटेने पळते. यूएलएसला तेलाची वरची मर्यादा 130 अंश, 80 अश्वशक्तीच्या इंजिनाला 140.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याने पातेल्याच्या तळाला चढणारा पांढरा थर घरोघरी पाहायला मिळतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये चढतो. ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं.

बोल्ट, लाकूड, कुंभारीण माशी

प्रत्येक महत्त्वाच्या नटवर आवळल्यानंतर रंगाची आडवी रेघ मारा. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. नटाबाहेर बोल्टचा किमान एक पूर्ण आटा दिसायला हवा. बोटांनी फिरणारा नायलॉन लॉकनट फेकून द्या. इंजिनाच्या गरम भागात नायलॉन चालतच नाही, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट लागतो. विमानांच्या एएन मापाच्या बोल्टांत एएन3 ला 20 ते 25 इंच-पौंड, एएन4 ला 50 ते 70. त्याहून जास्त आवळलेला बोल्ट ताणून बारीक होतो, आणि तो बाहेरून धडधाकट दिसतो.

लाकडी प्रॉपेलर मेमध्ये सुकून आक्रसतो आणि जुलैत फुगतो. मे संपताना बोल्ट सैल सापडतात, जुलैत तेच बोल्ट लाकडात रुतून तंतू चिरडतात. म्हणून ऋतू बदलला की तास कितीही झाले असोत, बोल्ट सैल करून प्रॉपेलर बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळायचे. मग पात्यांची टोकं एकाच खुणेसमोरून जातात का पाहा. 3 मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको. मुरमाच्या पट्टीवर पात्याच्या पुढच्या कडेला खडे लागतात. दर उड्डाणानंतर बोट फिरवा.

पावसाळ्याच्या तोंडावर कुंभारीण माशीला पिटो नळीत (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीत) मातीचं घर बांधायला एक दुपार पुरते. झाकण लाल फितीसह घाला आणि नळीत हवा मारायचीच असेल तर आधी यंत्रांकडची जोडणी सोडा. शेपटीत उंदीर आणि काउलिंगमध्ये साळुंकी घरटं करते. काडी-कचरा एक्झॉस्टवर पडून पेट घेतो, म्हणून चार दिवस उभ्या विमानाचं काउलिंग उघडल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

वळवाच्या वाऱ्यात विमान बांधून ठेवायला ठोकलेला खुंट काळ्या मातीत फसवतो. उन्हाळ्यात माती भेगाळते आणि घट्ट ठोकलेला खुंट हाताने निघतो. दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा पुरून त्यात लोखंडी कडी बसवा. दोर नायलॉनचा घ्या. सुताचा दोर भिजला की आखडतो आणि पंखाला ओढ देतो.

पावसाळ्यातला मुक्काम

महिना-दोन महिने उडणार नसाल तर दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन फिरवून ठेवू नका. तेल तापत नाही, उलट ओल साचते. तेल आणि फिल्टर बदला, एकदा पूर्ण तापवून बंद करा, फ्लोट बाऊल रिकामे करा. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने टाकी काठोकाठ भरा. इथेनॉल असलेलं असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा. बॅटरी काढून घरात न्या. हँगरमध्ये एक सस्ता आर्द्रतामापक टांगा.

दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा सुरुवात करताना पहिला दिवस फक्त जमिनीवरचा. दोन मिनिटं 2000 आरपीएम, मग 2500 वर तेल 50 अंशांपर्यंत. पूर्ण थ्रॉटल, दोन्ही इग्निशनची घट, इंधनदाब, चार्जिंग व्होल्टेज आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिहा. इंजिन बंद करून काउलिंग काढा आणि ओल कुठे दिसते ते हाताने चाचपून पाहा. दुसऱ्या दिवशी, तुम्ही स्वतः काम केलेलं नाही अशा जाणकार माणसाकडून प्रत्येक रेघ आणि प्रत्येक सेफ्टी वायर तपासून घ्या. ज्याने ती वळवली त्याला ती नेहमी बरोबरच दिसते. हत्यारांच्या पेटीतले पाने मोजा, संख्या जुळली की काउलिंग लावा. पहिलं उड्डाण सकाळी, एकट्याने, पट्टीच्या डोक्यावर 2000 फुटांवर गोल फिरत, अर्धा तास. उतरल्यावर काउलिंग पुन्हा उघडा.